सोनमाशाचे फाटलेले पर : औषधाआधी पाण्याची परीक्षा

दिवाणखान्यातील काचेच्या टाकीत संथपणे विहरणारा गोल्डफिश, अर्थात सोनमासा, हा अनेक घरांतील लहानथोरांच्या कौतुकाचा विषय असतो. त्याच्या रंगाइतकेच त्याच्या झुळझुळीत परांचेही आकर्षण मोठे. त्यामुळे एखाद्या सकाळी शेपटीची कड फाटलेली, झिजलेली किंवा दोऱ्यांसारखी लोंबणारी दिसली की घरात काळजी सुरू होते. कोणीतरी लगबगीने दुकान गाठून निळ्या किंवा पिवळ्या औषधाची बाटली आणतो, टाकीत अंदाजाने थेंब टाकले जातात आणि चार दिवसांनी मासा दगावला तर 'गोल्डफिश टिकतच नाहीत' असा निष्कर्ष काढून सगळे मोकळे होतात.

वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात टिश नावाचा एक गोल्डफिश १९५६ मध्ये जत्रेतून एका घरी आला आणि तो तब्बल ४३ वर्षे जगून १९९९ मध्ये मरण पावला. हे उदाहरण अपवादात्मक असले, तरी नीट निगा राखल्यास दहा ते पंधरा वर्षांचे आयुष्य या माशाला सहज लाभते. फाटलेला पर पुन्हा वाढवण्याची शक्ती तर त्याच्या शरीरातच असते. ती शक्ती खुंटते ती बहुधा दूषित पाण्यामुळे. म्हणूनच पराला इजा झाल्याचे दिसताच माशाकडे पाहण्याआधी पाण्याकडे पाहावे, हा या निगेतील पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम होय.

परांची रचना

माशाचा पर म्हणजे नुसता पातळ पडदा नव्हे. पंख्याच्या काड्यांप्रमाणे त्यात हाडांच्या बारीक, सांधेदार काड्या असतात आणि त्यांच्या दरम्यान नाजूक त्वचेचा पापुद्रा ताणलेला असतो. या काड्यांना रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. पर हा असा जिवंत अवयव असल्यामुळेच त्याला इजा होते आणि तो भरूनही येतो. माशांचे कापलेले पर पुन्हा उगवतात, हे ब्रूसोने या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १७८६ मध्येच नोंदवून ठेवले होते. जखम झाल्यावर साधारण एका दिवसात त्वचेच्या पेशी तिच्यावर आवरण घालतात. पुढील काही दिवसांत या आवरणाखाली नव्या पेशींचा पुंजका तयार होतो आणि त्यातून काड्या व पापुद्रा पुन्हा वाढू लागतात.

सोनमाशाचे पर इतके लांब व नाजूक असण्यामागे माणसाचा हात आहे. चीनमध्ये सुमारे हजार वर्षांपूर्वी कार्प कुळातील एका साध्या, करड्या-हिरवट माशातून रंगीत मासे निवडून वाढवण्यास सुरुवात झाली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून रयुकिन, ओरांडा, ब्लॅक मूर अशा शोभिवंत जाती निर्माण झाल्या. यातील अनेकांची शेपूट दुहेरी असते. या दुहेरी शेपटीचे मूळ कॉर्डिन नावाच्या जनुकातील बदलात असल्याचे तैवानमधील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले. शोभा वाढली, पण गुबगुबीत शरीर आणि लोंबत्या परांमुळे हे मासे संथ झाले. लांब पर कशातही अडकतात आणि चपळ माशांना ते कुरतडायला सोपे जातात. ब्लॅक मूरसारख्या बटबटीत डोळ्यांच्या माशाला तर नीट दिसतही नाही. तो टाकीतील वस्तूंवर आदळत राहतो.

फाटणे वेगळे, कुजणे वेगळे

उपचार ठरवण्यापूर्वी पर फाटला आहे की कुजतो आहे, हे ओळखणे आवश्यक आहे. दोन्हींची लक्षणे लक्षपूर्वक पाहिल्यास वेगळी करता येतात.

फाटलेल्या परात चीर सरळ व स्वच्छ असते. ती एकाएकी, बहुधा एकाच परावर दिसते. कडेचा रंग बदललेला नसतो. मासा नेहमीसारखा खातो, फिरतो आणि पर पसरून पोहतो. अशा वेळी कारण टाकीतच शोधावे. प्लॅस्टिकच्या वनस्पतींची टोकदार पाने, धारदार दगड, समुद्रकिनाऱ्यावरून हौसेने आणलेले शिंपले, फिल्टरचे पाणी ओढणारे तोंड किंवा पकडताना वापरलेली खरखरीत जाळी, यांपैकी काही ना काही दोषी आढळते. कधी सोबतचे मासेच कारणीभूत असतात. टायगर बार्ब हा मासा लांब पर कुरतडण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. विणीच्या काळात नर मादीचा सतत पाठलाग करतात, त्यातही पर फाटतात. या दिवसांत नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेवर पांढरे बारीक ठिपके उठतात. हा रोग नव्हे. वयात आल्याची ती खूण आहे.

कुजणाऱ्या पराचे चित्र निराळे असते. कड वेडीवाकडी, दुधट पांढरी, काळपट किंवा लालसर दिसते आणि झीज दिवसेंदिवस आत सरकते. बहुधा एकाहून अधिक पर आणि कधी एकाहून अधिक मासे बाधित होतात. मासा पर अंगाशी मिटून कोपऱ्यात बसतो, खाणे कमी करतो. एरोमोनास, स्यूडोमोनास, फ्लॅव्होबॅक्टेरियम अशा गटांतील जिवाणू ही झीज घडवतात. हे जिवाणू जवळपास प्रत्येक टाकीत असतात. सुदृढ माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर त्यांना थोपवून धरतो. मासा अशक्त झाला की त्यांचे फावते. कापसासारखे पांढरे पुंजके दिसल्यास जखमेवर बुरशी चढली असण्याची शक्यता असते. मात्र फ्लॅव्होबॅक्टेरियमची बाधाही काही वेळा तशीच दिसते, म्हणून केवळ रंगावरून निदान पक्के करू नये.

परांमध्ये लाल रेषा उमटणे हे आणखी एक लक्षण. पांढऱ्या किंवा फिकट माशाच्या परांत रक्तवाहिन्या एरवीही दिसतात. परंतु पूर्वी नसलेल्या रेषा एकाएकी ठळक झाल्या, तर पाणी बिघडल्याचा तो स्पष्ट इशारा समजावा.

न दिसणारे विष

पाणी नितळ दिसते म्हणजे ते चांगले आहे, हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. सोनमासा भरपूर खातो आणि त्या प्रमाणात अमोनिया बाहेर टाकतो. हा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे थेट पाण्यात उतरतो. शिल्लक अन्न आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. रंगहीन असल्याने तो डोळ्यांना दिसत नाही. पण माशाचे कल्ले, त्वचा आणि परांच्या नाजूक कडा तो पोळून काढतो. पाणी जितके अल्कधर्मी आणि जितके उष्ण, तितका अमोनिया अधिक विषारी. पाण्याचा पीएच ७ वरून ८ वर गेला, तर विषारी स्वरूपातील अमोनियाचा वाटा सुमारे नऊ पटींनी वाढतो.

निसर्गाने यावर उपाय योजून ठेवला आहे. फिल्टरच्या स्पंजवर आणि तळाच्या खड्यांवर उपयुक्त जिवाणू वस्ती करतात. त्यांतील काही अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि काही नायट्राइटचे त्यामानाने सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत ही वस्ती पुरेशी वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. ज्या दिवशी टाकी आणली त्याच दिवशी त्यात मासे सोडले, की पुढील पंधरा-वीस दिवसांत पर झिजू लागतात, त्याचे कारण हेच.

हीच गोष्ट आपल्याकडील 'रविवारच्या साफसफाई'ची. मासे बादलीत काढून टाकी, खडे, फिल्टर असे सारे नळाखाली, कधी साबणानेही, घासूनपुसून लख्ख करायचे आणि नवे पाणी भरायचे, ही पद्धत घरोघरी दिसते. त्यामागे माया असते. पण या धुण्यात उपयुक्त जिवाणूंची वस्ती नष्ट होते आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. साबणाचा अंश राहिला तर तो स्वतंत्र धोका. फिल्टरचा स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलक्या हाताने पिळावा आणि टाकीतील सगळे पाणी एकदम कधीच बदलू नये.

गोल भांडे आणि नऊ मासे

फेंगशुईच्या प्रसारामुळे आठ सोनेरी व एक काळा असे नऊ मासे घरात ठेवण्याची प्रथा रूढ झाली. त्याविषयीच्या श्रद्धेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी गणिताचा प्रश्न उरतोच. शोभिवंत जातीचा सोनमासा पूर्ण वाढल्यावर १५ ते २० सेंटिमीटरपर्यंत जातो. एका माशासाठी सुमारे ७५ लिटर आणि पुढील प्रत्येकासाठी आणखी ४० लिटर पाणी असावे, असा ढोबळ हिशेब अनुभवी पालक मांडतात. या हिशेबाने नऊ माशांना जवळपास ४०० लिटरची टाकी हवी. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत जेमतेम ५५ लिटर पाणी मावते आणि टेबलावरच्या गोल भांड्यात तर चार-पाच लिटरच! इतक्या कमी पाण्यात अमोनिया काही तासांत वाढतो. गोल भांड्याच्या निमुळत्या तोंडामुळे हवेशी संपर्क कमी येतो, तो तोटा वेगळाच. इटलीतील रोम शहराने २००५ मध्ये अशा गोल भांड्यांत सोनमासे ठेवण्यावर बंदी घातली, ती याच विचारातून.

पहिल्या दिवशी काय करावे?

पराला इजा दिसताच सर्वप्रथम पाण्याची चाचणी करावी. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच मोजण्याचे संच शोभिवंत माशांच्या दुकानांत मिळतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्य असावेत. नायट्रेट प्रतिलिटर ४० मिलिग्रॅमच्या खाली असावे. संच नसेल तर पाणी खराब आहे असे गृहीत धरून पुढील उपाय सुरू करावेत. त्यात नुकसान काहीच नाही.

टाकीतील २५ ते ३० टक्के पाणी काढून तितकेच ताजे, क्लोरीनमुक्त पाणी घालावे. नव्या पाण्याचे तापमान जुन्याएवढेच असावे. अमोनिया आढळल्यास हे काम तो शून्यावर येईपर्यंत रोज करावे. अधीर होऊन सगळे पाणी एकाच वेळी बदलल्यास पीएच आणि तापमानातील अचानक बदलाने आधीच दुबळा झालेला मासा कोलमडतो.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन आपल्यासाठी सुरक्षित असले, तरी माशाच्या कल्ल्यांना आणि उपयुक्त जिवाणूंना ते मारक असते. पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवल्यास साधे क्लोरीन उडून जाते. दुकानात 'अँटी-क्लोरीन' म्हणून मिळणारे द्रावण किंवा सोडियम थायोसल्फेटचे खडे, ज्यांना 'हायपो' म्हणतात, हे काम लगेच करतात. पाणीपुरवठ्यात क्लोरामाइन वापरले जात असेल तर मात्र पाणी नुसते ठेवून चालत नाही. त्यासाठी योग्य द्रावणच लागते. विंधण विहिरीच्या पाण्यात क्लोरीन नसते, पण प्राणवायू कमी असू शकतो. ते वापरण्यापूर्वी त्यात काही तास हवा सोडावी.

त्यानंतर टाकीतील टोकदार वस्तू काढाव्यात. एखादी वस्तू नाजूक परासाठी सुरक्षित आहे की नाही हे पाहायचे असेल, तर तिच्यावरून पातळ नायलॉनचा मोजा फिरवावा. मोजा अडकला तर परही अडकेल. फिल्टरच्या तोंडावर स्पंज बसवावा. कुरतडणारा मासा वेगळा करावा. जखमी माशाला हलवायचेच असेल, तर जाळीऐवजी पसरट भांड्यात पाण्यासकट अलगद घ्यावे.

अन्न एक दिवस बंद ठेवून नंतर थोडे थोडे द्यावे. दोन मिनिटांत संपेल इतकेच अन्न दिवसातून एक-दोनदा पुरेसे आहे. सोनमाशाला खरे जठर नसते, त्यामुळे एका वेळी भरपूर अन्न त्याला पचत नाही. चांगल्या प्रतीचे माशांचे खाद्य आणि अधूनमधून उकडून साल काढलेला मटाराचा दाणा हा आहार योग्य. पोळीचे तुकडे, बिस्किटाचा चुरा किंवा चुरमुरे घालू नयेत. ते माशाच्या पोटात जाण्यापेक्षा पाणी नासवण्याचेच काम अधिक करतात.

मिठाचा मर्यादित उपयोग

स्वच्छ पाण्याच्या जोडीला साधे मीठ उपयोगी पडते. माशाच्या शरीरातील क्षारांचे संतुलन राखायला त्याची मदत होते, अंगावरील संरक्षक थर वाढतो आणि नायट्राइटची बाधा सौम्य होते. कोणतेही पदार्थ न मिसळलेले जाडे मीठ प्रतिलिटर एक ग्रॅम या प्रमाणात, म्हणजे ५० लिटर पाण्याला ५० ग्रॅम, घ्यावे. ते आधी वेगळ्या भांड्यात विरघळवून चोवीस तासांत थोडे थोडे मिसळावे. खडे थेट माशावर टाकू नयेत. पर कुजत असल्यास मासा वेगळ्या टबमध्ये ठेवून हे प्रमाण टप्प्याटप्प्याने प्रतिलिटर तीन ग्रॅमपर्यंत नेता येते. सात ते दहा दिवसांचा हा उपचार पुरेसा होतो.

येथे एक चूक हमखास घडते. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. त्यामुळे आटलेले पाणी भरून काढताना पुन्हा मीठ घालू नये. जितके पाणी बदलले तितक्याच पाण्यापुरते घालावे. मिठामुळे टाकीतील जिवंत वनस्पती मरू शकतात, म्हणूनही उपचारासाठी वेगळा टब बरा. हा टब किमान २० ते ३० लिटरचा असावा, त्यात हवेचा पंप असावा आणि त्याचे पाणी रोज काही प्रमाणात बदलावे.

औषधे कधी?

स्वच्छ पाणी आणि मीठ यांचा उपचार होऊनही चार-पाच दिवसांत झीज थांबली नाही, तरच औषधाचा विचार करावा. मिथिलीन ब्लू बुरशीवर उपयोगी आहे. परंतु ते फिल्टरमधील उपयुक्त जिवाणूंनाही मारते. म्हणून ते मुख्य टाकीत कधीही टाकू नये. आजारी पाण्यात औषध ओतल्याने मासा दगावतो, त्यामागे अनेकदा हेच कारण असते: औषधाने जिवाणू मरतात, अमोनिया वाढतो आणि मूळ दुखणे दुप्पट होते. मॅलकाइट ग्रीन हे रसायन माणसालाही अपायकारक असल्याने हातमोजे न घालता ते हाताळू नये. एका वेळी दोन औषधे एकत्र करू नयेत.

माणसांसाठी असलेल्या टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल फोडून टाकीत टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो टाळलेला बरा. जड पाण्यातील कॅल्शियमशी संयोग होऊन या औषधाची मात्रा निष्प्रभ होते, अर्धवट मात्रेने जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात आणि ते पाणी शेवटी गटारातच जाते. प्रतिजैविकाची खरोखर गरज असल्यास ते पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे. झीज पराच्या मुळापर्यंत पोहोचली, अंगावर व्रण पडले, खवले अननसासारखे उभे राहिले किंवा माशाने अनेक दिवस अन्नाला तोंड लावले नाही, तर तज्ज्ञांना गाठण्यात विलंब करू नये. मुंबईत वर्सोवा येथील केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, तसेच रत्नागिरी, नागपूर आणि उदगीर येथील मत्स्य महाविद्यालये, अशा ठिकाणी या विषयाचे अध्ययन-अध्यापन चालते. माशांचे आजार हाही एक शास्त्रीय विषय आहे, हे त्यावरून ध्यानात यावे.

पर कात्रीने 'समतल' कापणे, मासा हातात धरून त्यावर हळद किंवा मलम लावणे असले घरगुती प्रयोग करू नयेत. आणि मासा जगणार नाही असे वाटले म्हणून त्याला जवळच्या तळ्यात किंवा विहिरीत सोडणे ही भूतदया नव्हे. तेथे तो रोग पसरवू शकतो. जगलाच तर तळ गढूळ करून आणि इतर माशांची अंडी खाऊन तेथील जीवसृष्टीला उपद्रव देतो.

बरे होण्याची चिन्हे

सुधारणेचे पहिले चिन्ह म्हणजे झीज थांबणे. त्यानंतर जुन्या पराच्या कडेला काचेसारखी पारदर्शक किंवा फिकट पांढरी पट्टी दिसू लागते. अनेक जण तिलाच बुरशी समजून पुन्हा औषध टाकतात. नव्या वाढीची पट्टी सपाट व एकसारखी असते, तर बुरशी धाग्यांसारखी फुगीर दिसते. लहान चीर आठवडा-दोन आठवड्यांत सांधते. अर्धा पर गेला असेल तर कित्येक आठवडे, प्रसंगी दोन-तीन महिने लागतात. नव्या भागाचा रंग मूळ रंगाहून वेगळा असू शकतो, काड्या किंचित वाकड्या येऊ शकतात. पराचे मूळच नष्ट झाले असेल, तर मात्र तो पुन्हा येत नाही. तरीही असा मासा स्वच्छ पाण्यात सुखाने जगतो. दर तीन-चार दिवसांनी एकाच कोनातून छायाचित्र टिपून ठेवल्यास सुधारणा की बिघाड, हे नेमके कळते.

ऋतुमानाप्रमाणे दक्षता

सोनमासा थंड पाण्याचा जीव. शोभिवंत जातींना १८ ते २४ अंश सेल्सिअस तापमान मानवते. पाणी उबदार असले की पर लवकर भरतो हे खरे. पण त्यासाठी टाकीत हीटर लावण्याची गरज आपल्या हवामानात सहसा नसते. उलट उन्हाळ्यात पाणी थंड ठेवण्याचीच चिंता असते. २० अंशाच्या गोड्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशाला हे प्रमाण साडेसातपर्यंत घसरते. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात म्हणूनच टाकी खिडकीपासून दूर ठेवावी, झाकण थोडे उघडे ठेवून पंख्याचा वारा पृष्ठभागावर सोडावा आणि हवेचा पंप सतत चालू ठेवावा. बर्फाचे तुकडे थेट टाकू नयेत. वीज गेल्यास बॅटरीवरचा पंप वापरावा. तोही नसेल तर मगाने पाणी उचलून वरून धार धरावी. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आले किंवा क्लोरीनचा वास जास्त जाणवला, तर ते पाणी निवळून आणि क्लोरीनमुक्त करूनच वापरावे.

नवा मासा आणल्यावर तो थेट जुन्या माशांत सोडू नये. प्लॅस्टिकच्या पिशवीतून लांबचा प्रवास करून आलेल्या माशाचे पर त्या कोंडलेल्या पाण्यातच पोळलेले असू शकतात. दोन ते चार आठवडे त्याला वेगळे ठेवून निरीक्षण करावे. खरेदीच्या वेळीही रंगापेक्षा पसरलेले, अखंड पर आणि तजेलदार हालचाल यांना महत्त्व द्यावे.

दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलणे, माफक अन्न, पुरेशी मोठी टाकी आणि चालू फिल्टर, इतकी शिस्त पाळली तर औषधाच्या बाटलीची वेळ क्वचितच येते. मासा ओरडत नाही, कण्हत नाही. त्याच्या परांची कड हीच त्याची भाषा होय. ती भाषा वेळीच वाचून पाणी सुधारले, तर पर भरून काढण्याचे काम तो आपले आपणच करतो.